शून्य कुठं लावायचं?

थिओडोलाईट या कोन मोजायच्या यंत्राला उत्तर दिशा ठाऊक नसते. तिपाई रोवली, ओळंबा खुंटीवरच्या खिळ्याच्या नेमका डोक्यावर आणला, खालच्या स्क्रूंशी झटापट करून बुडबुडा मध्यावर आणला, की यंत्र आडवे कोन मोजायला मोकळं. कोन कशापासून मोजायचा, ते मात्र माणसानं ठरवायचं. त्याची रीत ठरलेली आहे. आधी अप्पर क्लॅम्प ढिला करून व्हर्नियर, म्हणजे बारीक वाचनाची पट्टी, शून्यावर आणायचा आणि अप्पर आवळायचा. मग लोअर ढिला करून दुर्बीण लांबच्या एखाद्या ठळक खुणेवर धरायची, बहुतेकदा देवळाच्या कळसावर, कारण गावाबाहेरून तोच आधी दिसतो. मग लोअर आवळायचा. झालं, आता कळस शून्य अंशावर. विहीर ६३ अंशांवर, विजेचा खांब ११८ वर, ही सगळी गणती त्या कळसापासून.

डिप्लोमाच्या पोरांना सर्व्हे शिकवताना नव्या बॅचमधला कुणी ना कुणी इथं हात वर करायचाच. "सर, पण उत्तर कुठं धरली?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका तासिकेत मावत नाही. कोन मोजणं हे तसं कारागिरीचं काम, सरावानं हात बसतो. शून्य कुठं लावायचं, यावर मात्र हजारो वर्षं डोकी खर्ची पडली आहेत. सावल्या, तारे, लोहचुंबक, समुद्र आणि देवळं, सगळं त्यात आलं.

व्याख्येपुरतं बोलायचं तर गोष्ट साधी आहे. आपण उभे आहोत तिथून चौफेर क्षितिज. उत्तरेला शून्य, तिथून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. हा दिगंश. तारा क्षितिजापासून किती वर आहे तो उन्नतांश. आकाशातली कुठलीही वस्तू दाखवायला हे दोन आकडे पुरतात. पण हे "उत्तरेला शून्य" प्रकरण काही ब्रह्मदेवानं लिहून दिलेलं नाही. पाश्चात्त्य खगोलशास्त्रात बराच काळ दक्षिणेपासून मोजायची चाल होती, आणि आपल्या सिद्धान्तग्रंथांत पूर्व-पश्चिम रेषा पायाची. मोजणारा बदलला की शून्य बदललं.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब पोरांकडून पाठच करून घ्यायचो. दिशेत एका अंशाची चूक झाली, तर एक किलोमीटरवर माणूस साडेसतरा मीटर भलतीकडे जातो. एका कलेची, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाची, चूक २९ सेंटिमीटर. एका विकलेची, म्हणजे अंशाच्या छत्तीसशेव्या भागाची, जेमतेम ५ मिलिमीटर. कॉलेजच्या व्हर्नियर थिओडोलाईटवर २० विकला वाचता येतात, म्हणजे किलोमीटरला १० सेंटिमीटर. शेताच्या बांधाला ते ठीक आहे. बोगदा दोन्ही बाजूंनी खणत आणायचा असेल, तर नाही.

बांधावरून आठवलं. महाराष्ट्रातली शेतजमीन पद्धतशीर मोजली गेली ती दिशा न मोजता. इंग्रजी अमदानीतल्या त्या मोजणीचं हत्यार म्हणजे शंकूसाखळी. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. कोनाच्या नावानं मोजणीदाराजवळ क्रॉस स्टाफ असायचा, डोक्यावर एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन चिरा असलेला दांडा. एका चिरेतून पायारेषा धरायची आणि दुसरीतून बांधाचा कोपरा रेषेवर येईपर्यंत मागेपुढे सरकायचं. म्हणजे ज्याच्या जिवावर आजही भाऊभाऊ कोर्टात जातात त्या मोजणीच्या टिपणात नव्वद अंशांचा एकच कोन सगळीकडे वापरलेला. नकाशाच्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण असतो खरा, पण शेताच्या क्षेत्रफळाशी त्याचं काही देणंघेणं नाही. मला यात त्या लोकांचा अडाणीपणा दिसत नाही, उलट शहाणपण दिसतं. शेतकऱ्याला उत्तर नको होती, बांध हवा होता. साखळी आणि काटकोन एवढ्यावर तो मिळत असेल, तर चुंबकाची सुई कशाला मध्ये घ्या?

एकदा एका गावी मोजणी चालली असताना बांधावर बसलेल्या तात्यांनी जीपीएसवाल्या पोराला विचारलं, "बाळा, तुझ्या मशिनीला चिंच दिसती का?" चिंच म्हणजे हद्दीवरचं झाड. पोरगा म्हणाला, "तात्या, तिला सॅटेलाईट दिसतो." तात्यांनी मान हलवली आणि तंबाखू मळायला घेतली. सॅटेलाईटवरून जागा कळते, पण चिंचेचं काय ते नंतर दोघा भावांनीच ठरवायचं असतं, हे तात्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता सुई. प्रिझमॅटिक कंपास हातात घेतला की पहिली गंमत तबकडीवर दिसते. शून्याचा आकडा सुईच्या दक्षिण टोकाला आणि १८० उत्तर टोकाला, शिवाय आकडे आरशातल्यासारखे उलटे. बघणाऱ्याचा डोळा मागच्या बाजूला असतो आणि वाचायचं प्रिझममधून, म्हणून छापणाऱ्यानं आधीच उलटं छापून ठेवलेलं. उत्तरेकडे तोंड करून भिंगात बघितलं की दक्षिण टोकाचं शून्य डोळ्याखाली सुलट येतं. या यंत्रावर अर्ध्या अंशापलीकडे वाचायचा हट्ट करू नये.

खरी परीक्षा लोकल अट्रॅक्शनची, म्हणजे जवळच्या लोखंडानं सुई ओढली जाण्याची. 'अ' वरून 'ब' कडे बेअरिंग, म्हणजे सुईच्या उत्तरेपासूनचा कोन, घेतलं, ४७ अंश ३० कला. मग 'ब' वर जाऊन उलट 'अ' कडे बघितलं, तर २२७ अंश ३० कला यायला हवेत, बरोबर १८० चा फरक. आले तर दोन्ही ठाणी निर्मळ. २२९ आले, तर कुठल्या तरी एका टोकाला लोखंड आहे. मग शोध सुरू. कधी साखळीसोबतचे पोलादी बाण तिपाईच्या पायाशी टाकलेले, कधी वाचणाऱ्याच्या हातात कडं, कधी कुणाची मोटारसायकल नको तितक्या जवळ. आणि कधी यातलं काहीच नसतं, तेव्हा संशय खालच्या दगडावर. सह्याद्रीचा काळा बसाल्ट लोहयुक्त आहे, त्यात मॅग्नेटाईटचे कण असतात. वीज पडलेल्या माथ्यावरच्या कातळाजवळ सुई दोन पावलांत दिशा बदलू शकते. भर म्हणजे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थंड झाला तेव्हाच्या कित्येक थरांत पृथ्वीचं चुंबकत्व आजच्या उलट्या दिशेनं गोठलेलं आहे. त्या काळी कंपास असता, तर त्याच्या सुईचं उत्तर टोक दक्षिणेकडे वळलं असतं. गडावर मोबाईलमधला कंपास काढून "बघ, दरवाजा बरोब्बर पूर्वेला आहे" असं सांगणाऱ्या मित्राला हे सांगावं की सांगू नये, हा माझ्यापुढचा जुना पेच आहे.

वास्तुवाल्यांना मात्र सांगावं. लोखंडी कपाटाशेजारी, सळ्यांनी भरलेल्या कॉलमला टेकून, स्पीकरजवळ फोन धरून ईशान्य कोपरा ठरवतात आणि त्यावरून लोकांची स्वयंपाकघरं फोडायला लावतात.

सुई ज्याला उत्तर म्हणते आणि पृथ्वीचा आस जिकडे बोट दाखवतो, त्यांत जो कोन पडतो ती दिक्च्युती. महाराष्ट्र यात नशीबवान, आपल्याकडे हा कोन सध्या एका अंशापेक्षाही कमी आहे. म्हणूनच आपल्याला तो सहसा आठवत नाही. पण तो स्थिर नसतो, वर्षागणिक सरकतो, आणि सरकताना त्यावर कुणीतरी डोळा ठेवावा लागतो. ती कहाणी मुंबईची आहे. कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा निघाली आणि १८४० च्या दशकापासून तिथं चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरून आलेलं जे प्रचंड चुंबकी वादळ आजही अभ्यासलं जातं, त्याची कुलाब्यात टिपलेली नोंद जगभरचे लोक वापरतात. पुढं शहरात ट्राम विजेवर चालवायचं ठरलं. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह आला, की सुया नाचायला लागणार. तेव्हा नानाभॉय मूस संचालक होते, या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. ट्राम अडवायच्या फंदात न पडता त्यांनी वेधशाळेला खाडीपलीकडे जागा शोधली. १९०४ मध्ये अलिबागची चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या मालिकेला नवी मालिका सांधता येईल. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ मध्ये, त्याआधीच सुया समुद्रापलीकडे सुखरूप होत्या.

अलिबागच्या त्या इमारतीत लोखंडाला मज्जाव. खिळे-बिजागऱ्या तांब्यापितळेच्या आणि दगड पोरबंदरचा आणलेला. समोर सगळा सह्याद्री दगडाचा असताना पोरबंदरहून दगड का मागवावा, याचं उत्तर वरच्या बसाल्टात आहे. सुईचं शून्य जपायचं तर तिच्या घराच्या भिंतीही गप्प राहणाऱ्या हव्यात.

विमानतळाच्या धावपट्ट्यांवर रंगवलेले आकडे हे या सुईच्या हिशेबाचेच. चुंबकीय बेअरिंग जवळच्या दहा अंशांत घ्यायचं आणि शेवटचं शून्य टाकून द्यायचं. पुण्याची धावपट्टी १०/२८, मुंबईची मोठी ०९/२७ आणि तिला छेदणारी १४/३२. दोन आकड्यांत नेहमी १८ चा फरक, म्हणजे १८० अंश, तेच ते फोर बेअरिंग आणि बॅक बेअरिंग. दिक्च्युती जिथं भराभर सरकते, तिथं हे आकडे कालांतरानं खोडून नव्यानं रंगवावे लागतात.

सुईची उत्तर आणि खरी उत्तर एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. नकाशाची म्हणून तिसरी उत्तर असते. गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची म्हणजे कुठंतरी ओढाताण होणारच. प्रचलित यूटीएम पद्धतीत पृथ्वीच्या सहा-सहा अंशांच्या उभ्या पट्ट्या करतात आणि प्रत्येक पट्टीच्या मधल्या रेखावृत्ताशी चौकटीची उत्तर जुळवतात. मधल्या रेषेपासून जितकं लांब जाल, तितकी चौकट खऱ्या उत्तरेपासून कलते. पुणे ७५ अंशांच्या मध्यरेषेच्या थोडं पश्चिमेला, तिथं हा कल सुमारे २२ कला. पण दोन पट्ट्यांची शीव ७८ अंश पूर्व रेखांशावर येते, म्हणजे ऐन विदर्भात. अमरावती एका पट्टीत, वर्धा दुसऱ्या. शिवेच्या अलीकडे चौकटीची उत्तर खऱ्या उत्तरेच्या एक अंशाहून किंचित जास्त पूर्वेला, पलीकडे तितकीच पश्चिमेला. त्या रेषेवर एक पाऊल टाकलं की कागदावरची उत्तर दोन अंशांनी उडी मारते. जमीन तीच, कापूस तोच.

तर मग खरी उत्तर शोधायची कशी? सर्वांत जुनं आणि माझ्या मते सर्वांत देखणं उत्तर शंकूचं आहे, कात्यायन शुल्बसूत्रात सांगितलेलं. सपाट केलेल्या जमिनीवर सरळ काठी उभी करायची, तिच्याभोवती दोरीनं वर्तुळ काढायचं. सकाळी लांब असलेली सावली आखडत आखडत वर्तुळाच्या आत शिरते, तिथं टोकाची खूण. दुपारनंतर ती पुन्हा लांबत वर्तुळाबाहेर पडते, तिथं दुसरी खूण. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. त्या रेषेचा लंबदुभाजक म्हणजे उत्तर-दक्षिण. चुंबक नाही, पंचांग नाही, घड्याळही नाही. हा प्रयोग मी पोरांकडून दर वर्षी करवून घ्यायचो. काठी ओळंब्यात आहे ना, हे बघण्यातच निम्मी सकाळ जाते आणि जाऊ द्यावी. सावलीचं टोक धारदार नसतं, कारण सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे. काठीच्या डोक्यावर भोकाची चकती बसवली, की जमिनीवर उजेडाचा छोटा ठिपका पडतो. त्याचा मध्य पेन्सिलीनं धरता येतो.

यात एक बारीक खोट आहे आणि आपल्या ज्योतिषांनी ती पकडली होती. सकाळ ते दुपार या काही तासांत सूर्य स्वतःच उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे थोडा सरकतो. विषुवदिनाच्या सुमारास तो दिवसाला २४ कला सरकतो, म्हणून तेव्हा रेषा काही कला चुकते. अयनान्ताच्या दिवशी तो जवळपास थांबलेला असतो, तेव्हा रेषा शुद्ध येते. शुद्ध पूर्व हवी असेल तर कधी मोजावं, हेही दिशेच्या ज्ञानात मोडतं.

सूर्य रोज वेगळ्या जागी उगवतो-मावळतो, हे खेड्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आजी लोक समोरच्या डोंगराच्या खिंडीवरून महिना सांगायच्या. या सरकण्याला सिद्धान्तांत 'अग्रा' म्हणतात: उगवता सूर्य नेमक्या पूर्वेपासून किती बाजूला. भास्कराचार्य ती त्रैराशिकानं काढतात, क्रांतिज्येला त्रिज्येनं गुणून लंबज्येनं भागायचं. आजच्या चिन्हांत अग्रेची साइन म्हणजे सूर्याच्या क्रांतीची (आकाशातल्या विषुववृत्तापासूनच्या त्याच्या कोनाची) साइन भागिले गावाच्या अक्षांशाची कोसाइन. हे गणित ज्या मातीत शिकवलं गेलं, ती जागा महाराष्ट्रातच आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. ज्योतिषाच्या अभ्यासक्रमाला दगडात कोरलेली देणगी मिळते, असा तो काळ.

आता हेच सूत्र घेऊन कोल्हापूरला चला. अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरच्या ९, १०, ११ ला आणि जानेवारी ३१, फेब्रुवारी १, २ या दिवशी. मावळतीचे किरण महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यात येतात. आधी चरणांवर, मग वर चढत मुखापर्यंत. लोक हे पाहायला येतात ते भक्तीनं, आणि यावंच. पण हिशेब मांडणाऱ्याला तारखांतच मजा आहे. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी या तारखा डिसेंबरच्या अयनान्तापासून मागे-पुढे सारख्याच अंतरावर, सहा-सहा आठवडे. दोन्ही दिवशी सूर्याची क्रांती दक्षिण १७ अंशांच्या थोडी वर. कोल्हापूरचा अक्षांश १६.७. भागाकार केला तर मावळता सूर्य पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला, दिगंश २५२. म्हणजे देऊळ "पश्चिमाभिमुख" आहे असं आपण सैलपणे म्हणतो खरं, पण त्याची नजर २५२ च्या आसपास रोखलेली असणार. नाहीतर वर्षातून त्या दोन वेळांनाच किरण आत येण्याचं कारण नाही.

बारकाई अजून पुढं आहे. त्या दिवसांत मावळतीची जागा रोज सुमारे ०.३ अंशानं सरकते, सूर्याच्या थाळीच्या निम्म्याहून थोडी जास्त. शंभर मीटरवर ०.३ अंश म्हणजे अर्धा मीटर. दाराची चौकट, मंडपाचे खांब आणि गाभाऱ्याचा उंबरा यांतून ही अर्ध्या मीटरची रोजची सरक सांभाळत किरण नेमक्या मूर्तीवर आणायचे, म्हणून उत्सव तीन दिवसांचा, तीस दिवसांचा नाही. आणि शेवटच्या काही मिनिटांत किरण चरणांवरून वर का चढतात? सूर्य खाली येतो तसा किरणांचा उतार कमी होतो, ते आडवे होत जातात, म्हणून उजेडाचा पट्टा मूर्तीवर वर सरकतो. हा दिगंशाचा नाही, उन्नतांशाचा खेळ. पश्चिमेला एक मजला चढला किंवा पत्र्याची शेड पुढं आली, की हा उन्नतांश हातचा जातो. मार्गातल्या अडथळ्यांची चर्चा दर उत्सवाला निघते ती त्यामुळे. रेषा कागदावर काढणं सोपं, शहरातून ती मोकळी ठेवणं अवघड.

हीच अग्रा समुद्रावर आजही रोजच्या कामातली आहे. मर्चंट नेव्हीतला माझा एक भाचा सांगतो, उघड्या समुद्रात संध्याकाळी सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधी, त्याची खालची कड क्षितिजापासून थाळीच्या दोन-तृतीयांश उंचीवर असताना, ब्रिजच्या पंखावर जायचं, कंपासच्या रिपीटरवर बसवलेल्या अझिमथ सर्कलमधून सूर्याचं बेअरिंग वाचायचं आणि गणितातून आलेल्या बेअरिंगशी ताडायचं. फरक म्हणजे कंपासची चूक, ती लॉगमध्ये जाते. मी विचारलं, टेकल्यावर का नाही? म्हणाला, "मामा, हवेनं किरण वाकतात. तुम्हाला सूर्य क्षितिजावर दिसतो, तेव्हा तो खरा खाली बुडालेला असतो." हे वाकणं सुमारे ३४ कला, सूर्याच्या थाळीहून थोडं जास्तच. जीपीएस असताना ही उठाठेव का, तेही विचारलं. जीपीएस जहाज कुठं आहे ते सांगतं. उभ्या जहाजाचं नाक कुठं आहे, ते साध्या जीपीएसला कळत नाही.

रात्री सूर्याच्या जागी ध्रुव. पण ध्रुव तारा काही ध्रुवावर बसलेला नाही. आज तो सुमारे ३८ कला बाजूला आहे आणि त्या टीचभर वर्तुळात दिवसभर फिरतो. पुण्यातून पाहिलं तर तो खऱ्या उत्तरेच्या डावी-उजवीकडे जास्तीत जास्त ४० कला जातो. बाळाच्या अढळपदाला हात न लावता सांगायचं, तर किलोमीटरला साडेअकरा मीटर. सर्व्हेवाले त्यावर तोडगा काढतात: तारा आपल्या फेरीत सर्वांत पूर्वेला किंवा सर्वांत पश्चिमेला असताना वेध घ्यायचा. त्या वेळी तो सरळ वर किंवा सरळ खाली जात असतो, दिगंश काही मिनिटं जागचा हलत नाही, म्हणून घड्याळ थोडं चुकलं तरी चालतं. दुसऱ्या टोकाला लांबच्या ठाण्यावर कंदील ठेवायचा, कंदील आणि तारा यांतला कोन मोजायचा. दुर्बीण एकदा 'फेस लेफ्ट', मग उलटी फिरवून 'फेस राईट', म्हणजे यंत्राचा वाकडेपणा एकमेकांत फिटतो. आपल्याकडची अडचण वेगळीच. ध्रुवाची उंची म्हणजे गावाचा अक्षांश, तेव्हा पुण्यातून तो अवघा साडेअठरा अंश वर. धूळ, धूर आणि शेजारच्या टॉवरचा फ्लडलाईट, सगळं नेमकं त्याच पट्ट्यात.

या कामाचा आपल्या देशातला सर्वांत मोठा पसारा विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्यानं मांडला. १८०२ च्या एप्रिलात मद्रासजवळ पायारेषा मोजायला सुरुवात. त्याचा मोठा थिओडोलाईट अर्ध्या टनाचा, आडवं वर्तुळ तीन फूट व्यासाचं. एवढं मोठं कशाला? हिशेब करा. त्या वर्तुळाच्या कडेवर एक अंश ८ मिलिमीटर भरतो, पण एक विकला फक्त २.२ मायक्रॉन, केसाच्या जाडीचा तिसावा भाग. लहान वर्तुळावर ते वाचणंच शक्य नाही. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वराच्या शिखरावर यंत्र चढवताना दोर तुटला, पेटी भिंतीवर आदळली आणि ते वर्तुळ वाकलं. दुसरा कुणी विलायतेहून नवं यंत्र येण्याची वाट पाहत बसला असता. लॅम्बटन तंबूत कोंडून घेऊन पाचरी, स्क्रू आणि कप्प्या लावून आठवडेच्या आठवडे ते वर्तुळ कणाकणानं मूळ आकारात ओढत राहिला. मग तेच यंत्र पुढं चाललं.

तो माणूस गेला महाराष्ट्रात. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ ला हिंगणघाटला. कबरही तिथंच आहे. त्याच्यानंतर काम हाती घेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टचं नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं. हिंगणघाटच्या बाजारात लॅम्बटन कोण, असं विचारून बघा. हा अन्याय आहे असं मला वाटतं आणि भूगोलाच्या मास्तरांशी यावरून मी भांडतो.

लांबच्या अंतरांत दिगंश आणखी एक डाव टाकतो. मुंबईहून मक्का कुठल्या दिशेला? अक्षांशात फरक जेमतेम अडीच अंशांचा, म्हणून सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर उत्तर येतं २७४, जवळपास नेमकी पश्चिम. गोलावरची सर्वांत जवळची वाट धरली तर निघताना २८० अंश धरावे लागतात. अल-बिरुनीनं अकराव्या शतकात गझनीसाठी हेच गणित गोलीय त्रिकोण सोडवून केलं होतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला अधिक नवल वाटावं: त्याच्या अंगणातून मुंबईचा दिगंश ३४ अंश, पूर्वेपेक्षा उत्तरेच्या जवळ. मुंबईकडे तोंड करून नमस्कार करायचा तर अटलांटिकच्या उघड्या बाजूला नाही, कॅनडाच्या रोखानं.

एवढं करूनही एक जागा अशी राहते, जिथं शून्य कुठंही लावा, काही उपयोग नाही. मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य भर दुपारी ऐन डोक्यावर येतो. काठीची सावली पायाशी नाहीशी होते आणि त्या क्षणी सूर्याला उन्नतांश ९० आहे, दिगंश नाहीच. शिवाय तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य पुण्याच्या उत्तरेकडून जातो, सावली दक्षिणेला पडते. दुपारची सावली नेहमी उत्तरेला, असं शाळेत घोकलेल्यांनी जूनमध्ये ऊन असेल त्या दिवशी अंगणात जाऊन बघावं. नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. त्या याच दोन आकड्यांवर फिरतात, एक चक्र आडव्या कोनाचं आणि एक उभ्या. क्षितिजाजवळचा तारा धरायला थाळी सावकाश वळली तरी चालतं. पण तारा डोक्यावरून जाऊ लागला, की काही मिनिटांत त्याचा दिगंश पूर्वेकडून पश्चिमेकडे पलटतो आणि एवढं जड लोखंड त्या वेगानं फिरवायला कुठलीच मोटर पुरत नाही. म्हणून अशा दुर्बिणींचं वेळापत्रक लावताना माथ्यावरचा तेवढा तुकडा टाळतात. तारा तिथं पोचायच्या आधी बघून घेतात, किंवा उतरायला लागल्यावर.